आळणीचं हॉटेल

नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात पद्धत नाही, म्हणून इथे ते 'हे' म्हणूनच येतील. तसंही ह्यांच्यापेक्षा ह्यांचं हॉटेलच जास्त प्रसिद्ध झालं, आणि तेही ह्यांना नको असलेल्या नावाने. मांजरसुंब्याच्या नाक्यावर, एसटीडी बूथ आणि पंक्चरचं दुकान यांच्या मधोमध आमचं शटर होतं. त्यावर ह्यांनी पेंटरकडून झोकात लिहून घेतलं होतं, 'जपानी शेवया-रस्सा व तळलेले चिकन'. ती पाटी कुणी वाचली असेल असं मला वाटत नाही. एसटीच्या कंडक्टरपासून ट्रकवाल्यांपर्यंत सगळे म्हणायचे, आळणीचं हॉटेल.

आमचं घर वाण्याचं. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, आणि घरात अंड्याचं टरफलसुद्धा कधी आलेलं नाही. अशा घरातला एकुलता एक मुलगा कोंबडीचं हॉटेल टाकतो म्हटल्यावर माझ्या माहेरच्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "लग्नात हे कावून सांगितलं न्हाई त्यांनी?" आता लग्नात काय सांगणार? लग्न झालं तेव्हा हे औरंगाबादला एका कंपनीच्या गेस्टहाउसात आचारी होते आणि वरण, भात, पोळी, भाजी करत होते. पुढे बाहेरच्या कंपन्यांना देशाचे दरवाजे उघडले म्हणून पेपरात रोज काहीबाही छापून यायला लागलं. ह्यांच्या कंपनीत त्या दरवाजातून जपानी मशिनी आल्या, आणि मशिनींच्या मागून त्या बसवून द्यायला जपानी माणसं.

त्यातला एक म्हातारा इंजिनियर आमच्या वरण-भाताने सुकून चालला होता. ताटाला हात जोडायचा, दोन घास खायचा आणि उठायचा. एके दिवशी तो बाह्या सरसावून स्वतःच स्वयंपाकघरात शिरला आणि खुणा करून करून ह्यांना शिकवायला लागला. कोंबडी हाडांसकट मंद आचेवर तासन्‌तास उकळायची, वरचा फेस काढत राहायचा, आणि त्या पिवळसर पाण्यात कणकेच्या लांब शेवया सोडायच्या. ह्यांना कोंबडीला हात लावायचा नव्हता. पण समोर उपाशी माणूस उभा राहिला की ह्यांच्या सगळ्या तत्त्वांना पाणी सुटतं, हा मूळ स्वभाव. त्या म्हाताऱ्याने ह्यांच्या हातचा वाडगा दोन्ही हातांनी उचलला, शेवयांचा असा भुरका मारला की बाहेरचा वॉचमन आत डोकावला, आणि तळ दिसेपर्यंत रस्सा पिऊन तो रिकामा वाडगा ह्यांना उलटा करून दाखवला. हे म्हणतात, त्या दिवशी मी आचारी झालो, त्याआधी नुसता नोकरीला होतो. त्या पदार्थाचं खरं नाव रामेन. ते पाटीवर लिहायचं नाही असं मीच बजावून सांगितलं. आधीच घरात काय कमी होतं?

मशिनी बसल्या, जपानी माणसं विमानात बसली, आणि गेस्टहाउस कंपनीने दुसऱ्या कुणाला चालवायला दिलं. हे घरी आले ते पिशवीभर सोया सॉसच्या बाटल्या घेऊन. माझे सासरे, म्हणजे आप्पा, तेव्हा नाक्यावर किराणा दुकान चालवत होते. हे थेट दुकानातच गेले आणि गिऱ्हाइकांदेखत सांगून मोकळे झाले, "आप्पा, मी समोरच्या शटरात हॉटेल टाकणार हाव. चिकनचं." आप्पा साखर तोलत होते. त्यांनी तोलून पुडी बांधली, दोरा तोडला, पुडी गिऱ्हाइकाच्या हातात दिली.

बोलले ते संध्याकाळी. आमच्या घरात एक रीत होती. आप्पा दुकानातून आले, पाय धुतले, की ओसरीवर टेकायचे आणि मुलाने त्यांना तांब्या भरून पाणी द्यायचं. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. त्या असतानासुद्धा हे पाणी मुलानेच द्यायचं, हे पाळण्यातून उतरल्यापासून ठरलेलं. दोघे बाप-लेक एकमेकांशी फार बोलणाऱ्यातले नव्हेत. जे काय असेल ते त्या तांब्यातूनच चालायचं. त्या संध्याकाळी ह्यांनी तांब्या पुढे केला. आप्पांनी तो घेतला, शेजारी जमिनीवर ठेवला आणि मला हाक मारली, "सूनबाई, उद्यापासनं माजं पानी तू देत जा."

मला वाटलं, चार दिवसांचा राग असेल. रागाचं म्हणावं तर आप्पांना राग नव्हताच, तीच तर पंचाईत. ते ह्यांच्याशी बोलायचे. ह्यांना ताप आला तर डॉक्टरला बोलावणं धाडायचे. हॉटेलला लागणारं आलं, लसूण, मीठ, कणीक सगळं हे आप्पांच्याच दुकानातून न्यायचे आणि आप्पा चोख तोलून द्यायचे. धंदा धंद्याच्या जागी. फक्त ह्यांच्या हातचं पाणी बंद. आणि चहा प्यायला पलीकडच्या टपरीवर जायचं असलं, तर आमच्या हॉटेलाच्या दारावरून जायला नको म्हणून आप्पा पंक्चरवाल्याच्या मागून वळसा घालून जायचे. त्या वाटेवर बाभळीचे काटे होते. मी दोनदा त्यांच्या चपलेतून काटा काढून दिला. एका बाजूने मला त्यांचा इतका राग यायचा, आणि काटा काढताना त्यांचं ते भेगाळलेलं पाऊल हातात घेतलं की सगळा राग जायचा.

हे मात्र रोज हॉटेलच्या बोअरवर आंघोळ करून, कपडे बदलून मगच घरी यायचे. हॉटेलचं भांडं घरात नाही, घरचं हॉटेलात नाही. आणि संध्याकाळी मी आप्पांना पाणी द्यायला लागले की हे काहीतरी शोधत बसायचे, कधी चाळणी, कधी टॉर्च. सापडायचं काहीच नाही. मला म्हणायचे, "म्हाताऱ्यानं एकदा माज्या हातचं पानी प्यावं, मग हॉटेल बुडालं तरी चालंल." मी म्हणायची, "बुडायला आदी चालावं लागतंय."

कारण हॉटेल चालत नव्हतं. आमच्या भागात रस्सा म्हणजे लालभडक तर्री, खाताना नाकातून पाणी आलं पाहिजे. पहिल्याच दिवशी एक ट्रकवाला बसला. ह्यांनी मोठ्या कौतुकाने वाडगा समोर ठेवला. त्याने आत वाकून पाहिलं, मग आपल्या क्लीनरकडे पाहिलं. "ओ शेठ, मसाला इसरलात का?" हे म्हणाले, "इसरलो न्हाई, असंच असतंय." तो क्लीनरला म्हणाला, "आपुन काय आजारी हाव का बे?" आणि उठून समोरच्या धाब्यावर गेला.

त्याची तरी काय चूक? कोंबडी खाणाऱ्यांच्या घरात मसाला टाकायच्या आधी नुसत्या हळद-मिठातलं पाणी वेगळं काढून ठेवतात. त्याला म्हणतात आळणी. ते द्यायचं लहान पोरांना, आजाऱ्यांना, बाळंतिणीला. धडधाकट माणसाने हॉटेलात बसून आळणी मागवायची म्हणजे काहीतरी लपवलेलं दुखणं असणार. आमच्या नाक्यावर सगळ्यांनी बिनबोभाट हेच ठरवून टाकलं. आणि एकदा ते ठरल्यावर लोक यायला लागले, पण खायला नाही. डबे घेऊन. "आईचं आपरेशन झालंय, बीडला ॲडमिट हाय, एवढा डबा भरा." "बाळंतीण हाय घरात, शेवया नका टाकू, नुसतं पानी द्या." हे चिडून लाल व्हायचे. "हे हॉटेल हाय का मेडिकल?" म्हणायचे, आणि डबा मात्र काठोकाठ भरायचे. एखादा म्हातारा रुग्ण म्हटला की त्यात हातानेच तोडलेले मऊ तुकडे टाकायचे. एखाद्या धट्ट्याकट्ट्या माणसाने बाकावर बसून भुरका मारून वाडगा उलटा करावा, ही आस धरून बसलेला माणूस, आणि त्याच्या दाराशी डब्यांची रांग.

तळलेल्या चिकनचं मात्र बरं चाललं. आलं, लसूण आणि सोया सॉसमध्ये मुरवलेले तुकडे पिठात घोळून तळायचे. लोकांनी त्याचं कोंबडीची भजी म्हणून बारसं केलं आणि ट्रकवाले कागदात बांधून न्यायला लागले. जपानी लोक त्याला बटाट्याचं कसलंसं पीठ लावत. ते इथे कुठून आणणार? ह्यांनी बऱ्याच खटपटी केल्या आणि शेवटी साबुदाण्याचं पीठ लावलं. काय कुरकुरीत व्हायचं म्हणे. मी अर्थातच खाल्लं नाही, पण आवाज ऐकलाय. आप्पा एकादशी नसताना एवढा साबुदाणा खपतोय म्हणून खुशीत होते. ज्या दिवशी तो कशाला लागतो ते त्यांना कळलं, त्या दिवशी ते दुकानाच्या फळीवर बसून राहिले आणि मला म्हणाले, "उपासाचं पीठ, पोरी. उपासाचं." मी पदर तोंडाला लावून आत गेले. मला हसू आवरत नव्हतं. दुसऱ्या दिवशी ह्यांनी साबुदाणा मागितला, तर आप्पांनी तोही चोख तोलून दिला.

माझं काम शेवयांचं. सासूबाईंची शेवयांची मशीन माळ्यावर होती, ती मी खाली काढली. बाकाला घट्ट बसवायची, वरून कणकेचा गोळा दाबायचा आणि दांडा फिरवायचा. म्हाताऱ्या इंजिनियरच्या शेवया पिवळसर आणि चिवट असायच्या, आमच्या रश्श्यात गळून जायच्या. एकदा मी पापडाच्या पिठात घालतो तो पापडखार चिमूटभर कणकेत घालून पाहिला आणि त्या जमल्या. हे दिवसभर नाक्यावर सांगत फिरले. आप्पा शेवयांबद्दल एवढंच म्हणाले, "शेवया त्या शेवयाच. पुढं त्या कुटं जातात ते मला नको सांगू."

सोमवारी हॉटेल बंद. हे कुणी सांगितलं नव्हतं, ह्यांनीच ठरवलं. आप्पांचा सोमवारचा उपास, महादेवाचा वार, तेव्हा समोर बसून त्यांना कोंबडीचा वास द्यायचा नाही. ह्यांनी तसं आप्पांना कधी बोलून दाखवलं नाही आणि आप्पांनीही कधी विचारलं नाही. रविवारी रात्रीच कोंबड्या संपवायच्या आणि सोमवारी सगळं हॉटेल धुऊन काढायचं. मी हॉटेलात पाय टाकायची ती सोमवारीच. तेवढ्या दिवसापुरती घरची मशीन आणि तांब्या नेऊन, धुतलेल्या बाकाला मशीन बसवून आठवड्याच्या शेवया तिथेच पाडायची.

अशाच एका सोमवारी दुपारी आप्पांचे एक जुने दोस्त डबा घेऊन आले. शेजारच्या गावचे शेतकरी. आठवड्याच्या बाजाराला आले की आप्पांच्या दुकानाच्या फळीवर बसून सुपारी कातरत गप्पा मारायचे, हे मी लग्न झाल्यापासून पाहत होते. त्यांची लेक मुदतीच्या तापाने बीडच्या दवाखान्यात होती. गेले काही दिवस तेच डबा न्यायला येत होते. पोरीच्या पोटात दुसरं काही टिकत नव्हतं, फक्त ह्यांची आळणी टिकत होती. आदल्या दिवशी ते आले तेव्हा, "उंद्या बंद हाय काका," हे सांगायचं गर्दीत राहून गेलं होतं.

धुतलेलं हॉटेल आणि विझलेली चूल बघून काका दारातच थांबले. "आज न्हाई का?" ह्यांनी नुसतं समोरच्या दुकानाकडे पाहिलं. "सोमवार हाय, काका." काकांना सगळं कळत होतं. ते रस्त्यावर जाऊन उभे राहिले. एका बाजूला आमचं शटर, दुसऱ्या बाजूला आप्पांचं दुकान, आणि हातात रिकामा डबा. उपास धरलेल्या दोस्ताला, तुझ्या मुलाला कोंबडी शिजवायला सांग, हे कोणत्या तोंडाने म्हणायचं? मला ते बघवेना. ह्यांना म्हटलं, "पेटवा की चूल." हे म्हणाले, "आप्पा समोर हायत." मी म्हटलं, "मग मागं पेटवा." तर म्हणाले, "चोरून न्हाई करायचं." अशा वेळी ह्या माणसाचं डोकं धरून भिंतीवर आपटावं की पाया पडावं, हे मला आजवर कळलेलं नाही.

तेवढ्यात आप्पांनी काकांना हाक मारली. काका तिकडे गेले, दोघांचं काहीतरी बोलणं झालं. मग आप्पा फळीवरून खाली उतरले, चपला घातल्या, आणि वळसा न घालता, सरळ रस्ता ओलांडून आमच्या दारात आले. ह्यांच्या हातातला फडका तसाच राहिला.

"चूल कावून पेटली न्हाई?"

"आप्पा, सोमवार हाय."

"सोमवार माजा हाय. त्या पोरीचा न्हाई."

"तुमाला वास..."

"मला काय हुईल ते मी बगतो. जा, कोंबडी आन."

हे सायकल काढून गेले. आप्पा आत आले आणि बाकावर बसले. हॉटेल सुरू झाल्यापासून पहिल्यांदा. काका शेजारी बसले. मला काय करावं सुचेना, म्हणून मी शेवया पाडत राहिले. आप्पा मशीनकडे बघत होते. "हिची मशीन," ते काकांना म्हणाले. 'हिची' म्हणजे सासूबाईंची. मग मला म्हणाले, "एकलीनं दोन्ही कामं हुत न्हाईत. तू गोळा दाब." आणि दांडा त्यांनी हातात घेतला. सराईत हात होता तो. सासूबाईंच्या वेळी दांडा कोण फिरवत होतं, ते मला तेव्हा कळलं. हे मागच्या दाराने पिशवी घेऊन आले, आत डोकावले आणि बापाला शेवया पाडताना बघून गुपचूप चुलीकडे गेले.

आळणी घाईने होत नाही. मागून आल्या-लसणाचा वास यायला लागला, मग दुसरा वास. आप्पांनी उपरणं नाकाला लावलं, पण उठले नाहीत. काका लेकीबद्दल सांगत होते, आप्पा हुंकार देत होते. शेवटी हे डबा घेऊन बाहेर आले. झाकण घट्ट लावून, फडक्यात बांधून त्यांनी तो काकांच्या हातात दिला आणि म्हणाले, "उंद्याच न्हाई, तुमी रोज या. वार बगू नका." काकांनी ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला, आप्पांकडे पाहिलं आणि आलेल्या एसटीकडे पळाले. ती पोर त्या तापातून उठली, हे इथेच सांगून टाकते. आज तिची मुलं कोंबडीची भजी मागतात.

ऊन कलायला आलं होतं. आप्पांनी घाम पुसला आणि म्हणाले, "पानी दे."

सवयीने मीच उठले. कणकेसाठी घरून आणलेला तांब्याचा तांब्या माझ्याजवळ होता.

"तू बस," आप्पा म्हणाले. "त्याला सांगितलंय."

ह्यांचा चेहरा मी कसा विसरेन! ते मागे गेले. साबणाने हात धुतल्याचा आवाज आला. परत धुतले, मग राखेने चोळून धुतले. किती वेळ झाला तरी येईनात. बाहेर आले तेव्हा समोर हॉटेलचे ग्लास ओळीने मांडलेले, सगळे कोंबडी खाणाऱ्यांच्या तोंडचे. हे त्यांच्याकडे बघत उभे. मी माझा तांब्या पुढे सरकवला. त्यात त्यांनी हॉटेलच्या रांजणातलं पाणी भरलं, कारण दुसरं पाणीच नव्हतं, आणि दोन्ही हातांनी तांब्या आप्पांपुढे धरला. तांब्या इतका काठोकाठ भरला होता की थोडं पाणी आप्पांच्या धोतरावर सांडलं.

आप्पांनी तांब्या घेतला, मान वर केली आणि वरून धार धरून सगळं पाणी पिऊन टाकलं. थांबले नाहीत. मला रडू आलं, आणि मी ते लपवलंही नाही. रिकामा तांब्या ह्यांच्या हातात देत आप्पांनी तोंड वाकडं केलं.

"बोअरचं पानी मचूळ हाय. उंद्यापासनं घरची घागर आनून ठिवत जा हितं."

मीच डोळे पुसत म्हटलं, "आप्पा, उंद्या मंगळवार हाय. उंद्या हितं कोंबडी शिजनार."

आप्पांनी चपला पायात सरकवल्या. "मला वार कळतेत, पोरी," ते म्हणाले, आणि सरळ रस्ता ओलांडून दुकानात गेले.